संप दुसऱ्यांचा, मग आपण काय करायचं?

उंबरठा

लेख नाही, प्रश्न आहे. थोडा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी ज्या इमारतीत काम करते तिथले साफसफाई कामगार ठेकेदाराचे आहेत. साठ-पासष्ट जण, त्यात बायका जास्त. ठेकेदार बदलला की त्यांची नोकरी शून्यापासून सुरू होते. नऊ वर्षं तेच मजले पुसणारी बाई कागदावर दर दोन वर्षांनी 'नवीन'. पगारातून पीएफ कापला जातो, पण खात्यात तो पोचतो की नाही कुणालाच माहीत नाही. त्यांनी युनियन केली. सहा जणींना काढून टाकलं. बाकीच्या फाटकाबाहेर बसल्या.

तिसऱ्या दिवशी आमच्या एचआरने 'श्रमदान दिवस' जाहीर केला. हिरवे टीशर्ट, हातमोजे, फोटो काढायला माणूस. आम्ही हसतखेळत आपापले मजले पुसले. मीही पुसला. संध्याकाळी बाहेर पडताना तो टीशर्ट अंगातच होता. फाटकाशी बसलेल्या बायकांपैकी एक रोज माझ्या टेबलाखालची टोपली रिकामी करते. तिने बघितलं, बोलली काही नाही. आणि आपण आज संप फोडायला हातभार लावलाय हे माझ्या डोक्यात कधी शिरलं, तर रात्री भांडी घासताना.

मग प्रायश्चित्त म्हणून फेसबुकवर पोस्ट टाकली. भरपूर लाइक आले. दुसऱ्या दिवशी फाटकाशी जाऊन म्हणाले, "माझा तुम्हाला पाठिंबा आहे." एक मावशी म्हणाल्या, "बरं." पुढे काय बोलायचं ते ना त्यांना सुचलं, ना मला.

तर, ज्यांचा स्वतःचा संप नाही अशा माणसांनी नेमकं काय करायचं असतं? 'जागृती' वगैरे नको. कुणी स्वतः संपात बसलं असेल तर त्यांच्याकडून ऐकायला जास्त आवडेल.

---

पानगळ

वाचतेय. श्रमदान दिवसाची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला बढती मिळाली असणार.

---

तिसरी पाळी

मी त्या बाजूला बसलेला माणूस आहे. कारखान्याचं नाव लिहीत नाही. एकूण ५२ दिवस.

ताई, आधी एक गोष्ट. संप हे दिवसांचं गणित असतं. पहिला आठवडा जत्रेसारखा जातो, घोषणा, ढोलकी, सगळे एकदम भाऊ-भाऊ. पहिली पगाराची तारीख उधार-उसनवार करून निघते. दुसरी चुकली की घरातलं बोलणं बदलतं. बायको काही म्हणत नाही, पण डबा ठेवताना आवाज होतो. मालकाला हे पक्कं ठाऊक असतं. आमच्याकडे बोलणी करायला जो साहेब यायचा तो दर वेळी दहा दिवसांनंतरची तारीख द्यायचा. हा कामात फारच गुंतलेला दिसतो असं आम्हाला वाटायचं. मग कळलं, त्याचं कामच ते होतं.

बाहेरून आलेल्या माणसाने या गणितात काय घातलं, एवढंच मी बघतो. आमच्याकडे भाषणं द्यायला पुष्कळ जण आले. त्यातल्या एकाचंही नाव आठवत नाही. आठवतात ते एक शिक्षक. रोज संध्याकाळी मंडपाच्या मागच्या बाजूला आमच्या दहावीच्या पोरांना गणित शिकवायचे. सात मुलं होती. क्लासची फी वाचली हे तर झालंच, पण त्या सात घरांतला एक वाद मिटला. त्या घरांतून "पोराच्या वर्षाचं वाटोळं करून बसलाय" हे ऐकू येईना. ते सात कामगार शेवटपर्यंत उठले नाहीत.

आणि सगळ्यात वाईट कोण? "आता माघार नाही" असं ओरडून संध्याकाळी स्वतःच्या घरी जाणारे. चाळिसाव्या दिवशी तडजोडीचा एक प्रस्ताव आला होता, बरा होता. बाहेरच्या दोघा-तिघांनी पोरांना असं काही पेटवलं की तो घ्यायची आमच्या कमिटीला हिंमत झाली नाही. पुढच्या बारा दिवसांनी आम्ही त्याहून कमी घेऊन आत गेलो. त्या दोघा-तिघांचं काही गेलं नाही.

---

सरळरेषा

विषय भावनेचा केला की विरोधी बोलणारा वाईट ठरतो, तरी बोलतो.

युनियन म्हटलं की मला गरीब कामगार दिसत नाही, पुढारी दिसतो. गाडीतून उतरतो, मालकाशी आत वेगळं बोलतो, बाहेर वेगळं. मुंबईचा गिरणी संप घ्या. अडीच लाख माणसं रस्त्यावर आली, गिरण्या गेल्या, जागेवर टॉवर उभे राहिले. पाठिंबा कमी होता का तेव्हा? अख्खं गिरणगाव पाठीशी होतं. काय झालं?

तेव्हा 'पाठिंबा द्या' म्हणण्याआधी, पाठिंबा देऊन आपण त्यांना खड्ड्यात तर ढकलत नाही ना, हे कोण बघणार?

---

खतावणी

मी निवृत्त, बँकेतल्या युनियनमध्ये अठरा वर्षं खजिनदार होतो. सरळरेषा यांचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. पण १९८२ चं उदाहरण ते जेवढं सरळ समजतात तेवढं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. मागणी पगारवाढीची आणि बदली (गैरहजर माणसाच्या जागी रोजापुरत्या घेतलेल्या) कामगारांना कायम करण्याची होतीच, पण मूळ गाठ वेगळी. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे गिरणी उद्योगात वाटाघाटीचा अधिकार एकाच 'प्रातिनिधिक' युनियनला होता आणि ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार गेले दत्ता सामंतांमागे. म्हणजे ज्यांच्या मागे माणसं होती त्यांना कायद्याने टेबलावर खुर्ची नव्हती आणि ज्यांना खुर्ची होती त्यांच्या मागे माणसं नव्हती. हा कायदा बदला, हीही संपाची मागणी होती.

आता 'तिसरी पाळी' यांचं दिवसांचं गणित इथे लावून बघा. कामगार वर्ष-वर्षभर टिकले कसे? पुष्कळ जण कोकणात, घाटावर गावी परत गेले. शेताचा तुकडा, भावाचं घर, म्हातारीची चूल. गाव हाच त्यांचा संपनिधी होता. कामगारांच्या बाजूचे दिवस असे भरपूर वाढले. मालकांच्या बाजूचे मात्र कमी होईनात. गोदामांत माल पडून होता, कापड यंत्रमागांवर विणून घेता येत होतं आणि कित्येक जुन्या गिरण्या बंद पडल्या तरी मालकाचं नुकसान होणार नव्हतं, कारण खरी किंमत जमिनीची होती. ज्याला दुकान बंदच करायचंय त्याच्या दुकानासमोर धरणं धरून काय होणार? हा संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला.

म्हणून मी म्हणेन, पाठिंबा कमी पडला असं नाही. सगळा पाठिंबा गणिताच्या एकाच बाजूला पडला.

पुढाऱ्यांबद्दल: खरं आहे, मी असे पाहिलेत. उपाय हिशेबाचा आहे. मदतनिधीला पैसे देताना पावती मागा, पावतीवर क्रमांक बघा, दर आठवड्याला जमाखर्च फळ्यावर लागतो का ते बघा. मागितल्यावर चिडणारा खजिनदार असेल तर पैसे देऊ नका, तांदूळ द्या. प्रामाणिक युनियनला पावती मागणारा देणगीदार आवडतो, हे अठरा वर्षांच्या अनुभवावरून सांगतो.

---

पानगळ

खतावणी काका, हे 'दोन बाजूंचे दिवस' एकदम पटलं. मला लगेच आठवलेली दोन उदाहरणं लिहिते.

लंडनच्या गोदी कामगारांचा संप, ऑगस्ट १८८९. तासाला सहा पेन्स मिळावेत ही मुख्य मागणी. रोजंदारीची माणसं, शिल्लक शून्य. दोन-तीन आठवड्यांत उपासमारीने मोडणार असं दिसत असताना ऑस्ट्रेलियातून पैसे यायला लागले. तिथल्या कामगारांनी आणि सामान्य लोकांनी गोळा करून एकूण ३०,००० पौंडांहून जास्त पाठवले. ज्यांना कधी भेटणार नाहीत अशा माणसांसाठी, जगाच्या दुसऱ्या टोकावरून. त्याचा एक परिणाम फारसा कुणी सांगत नाही. घराघरांत जेवण पोचवायची चिंता हलकी झाल्यावर पुढाऱ्यांना माणसं गोदीच्या फाटकांवर पहाऱ्याला लावता आली, बदली माणसं आत जाणं थांबवता आलं. म्हणजे एका बाजूच्या दिवसांसाठी आलेला पैसा दुसऱ्या बाजूलाही कामी आला. पाच आठवड्यांत सहा पेन्स मिळाले.

आता डब्लिन, १९१३. ट्राम कामगारांपासून सुरुवात. त्यांचा पुढारी जेम्स लार्किन. मालकांनी एकत्र येऊन 'लार्किनच्या युनियनमध्ये राहणार नाही' असं लिहून द्यायला सांगितलं, न देणाऱ्यांना बाहेर काढलं. जवळजवळ २०,००० कामगार. ब्रिटिश युनियनांनी सप्टेंबरात अन्नाने भरलेलं जहाज पाठवलं, पुढेही मदत येत राहिली. लार्किन मागत होता ते वेगळंच: तुमच्या रेल्वेत आणि गोदीत डब्लिनच्या मालकांचा माल हलवू नका. डिसेंबरात ब्रिटिश युनियनांच्या परिषदेने त्याला नकार दिला. १९१४ उजाडल्यावर कामगार मिळेल त्या अटीवर परत गेले.

जहाजाला मी नावं ठेवत नाही, पोरं जेवली त्यावर. पण जे मागितलं होतं ते दिलं नाही आणि जे देणं सोपं होतं ते दिलं.

---

बोरूबहाद्दर

+१

वाखूसा (वाचनखूण साठवली). आणि 'म्हातारीची चूल हाच संपनिधी' यासाठी खतावणींना साष्टांग.

---

रानजाई

बहिष्काराबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मी.

कुठे संप झाला की आपल्याकडचे लोक पहिल्या दिवशीच जाहीर करतात, "मी आजपासून त्यांचा माल घेणार नाही." कृपा करून असं परस्पर करू नका. कधी कामगारांना कारखाना चालू हवा असतो, मागण्या चालू कारखान्याकडूनच पदरात पडणार असतात. विक्री बसली की "बघा, तुमच्यामुळे ऑर्डर गेली" म्हणून कपातीला निमित्त मिळतं. बहिष्कार हे हत्यार आहे, पण ते कधी उपसायचं हे ज्यांचा संप आहे त्यांनी ठरवायचं.

त्यांनी हाक दिली की मात्र पाळायचा आणि कंटाळा येईपर्यंत पाळायचा. कॅलिफोर्नियातल्या डेलानोची द्राक्षं याचं उत्तम उदाहरण. ८ सप्टेंबर १९६५ ला लॅरी इटलिआँग यांच्या युनियनच्या फिलिपिनो मजुरांनी संप पुकारला. आधी असं व्हायचं की फिलिपिनो संपावर गेले की मळेवाले मेक्सिकन मजूर आणायचे आणि मेक्सिकन गेले की फिलिपिनो. या वेळी आठवड्याभरात सेझर चावेझ आणि डोलोरेस वेर्टा यांची मेक्सिकन मजुरांची संघटना त्याच संपात उतरली आणि हा खेळ बंद झाला. पण शेतमजुरांचा संप नुसत्या फाटकावर जिंकता येत नाही, कारण मळ्याला फाटकं किती असतात! मग संपकरी शहरोशहरी पसरले, दुकानांसमोर उभे राहून गिऱ्हाइकांना सांगू लागले, ही द्राक्षं घेऊ नका. पुढे लाखो घरांनी घेतली नाहीत. मोठ्या मळेवाल्यांनी करारावर सह्या केल्या जुलै १९७० मध्ये. जवळजवळ पाच वर्षं!

गमतीचा भाग असा. अमेरिकेत १९३५ साली कामगारांना युनियनचा हक्क देणारा कायदा झाला, त्यातून शेतमजुरांना वगळलं होतं. अन्यायच. पुढे १९४७ साली टाफ्ट-हार्टली कायद्याने तिसऱ्याच्या दुकानावर बहिष्काराचा दबाव आणायला युनियनांना बंदी केली. पण शेतमजूर मुळात कायद्याच्या बाहेरच, म्हणून ही बंदी त्यांना लागू नव्हती. वगळल्याचा एवढाच फायदा त्यांना झाला आणि तो त्यांनी पुरेपूर वसूल केला.

ॲपवरून घरपोच वस्तू आणणाऱ्या मुलांच्या बाबतीतही हेच. ते ज्या दिवशी लॉगआउट करायचं ठरवतात त्या दिवशी ऑर्डर टाकू नका. एक दिवस. ॲप काढून टाकलं की तुमचं मन हलकं होतं, त्यांची एक फेरी कमी होते.

---

सरळरेषा

खतावणी, १९८२ च्या खुलाशाबद्दल आभार. कायद्याचा भाग मला माहीत नव्हता.

पण माझा दुसरा मुद्दा तसाच आहे. संपात भरडला जातो तो तिसराच माणूस. गेल्या वर्षी नाव न घेण्यासारख्या एका रुग्णालयात माझ्या आईचं ऑपरेशन तिथल्या परिचारकांच्या संपामुळे नऊ दिवस पुढे गेलं. त्यांच्या मागण्या न्याय्य असतीलही. पण मी त्या नऊ दिवसांत एकजुटीची गाणी म्हणायला हवी होती का?

---

तिसरी पाळी

नाही हो, कोण म्हणेल तसं. आई बऱ्या आहेत ना आता?

एवढंच सांगतो, संपाची नोटीस तुम्हाला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कळली असेल. व्यवस्थापनाला ती आधीच मिळालेली असणार, अशा सेवांमध्ये नोटीस दिल्याशिवाय संप करताच येत नाही. मधल्या दिवसांत त्यांनी काय केलं हे कुणीच विचारत नाही. राग फाटकावर निघतो, कारण फाटकावर माणसं दिसतात. केबिन तिसऱ्या मजल्यावर असते.

---

सरळरेषा

बरी आहे. हा मुद्दा डोक्यात नव्हता. विचार करतो.

---

अर्धविराम

मला दोन गोष्टी लिहायच्यात, एकमेकींना जोडून आहेत की नाहीत ते तुम्ही ठरवा.

पहिली, 'एकजूट' शब्दाबद्दल. आपण धरून चालतो की कामगार एका बाजूला आहेतच, बाहेरच्यांनी फक्त येऊन मिळायचं. मुंबईच्या गिरण्यांत विणकामाचं खातं जास्त पगाराचं. तिथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना घेत नसत. कारण धोट्यात (मागावर आडवं सूत नेणाऱ्या साधनात) सूत ओवताना ते तोंडाने ओढावं लागे आणि इतरांना त्यांचा विटाळ चालत नव्हता. १९२८ चा सहा महिन्यांचा संप इतिहासात एकजुटीचा म्हणून गाजला, पण त्याच वेळी डॉ. आंबेडकर संपाच्या पुढाऱ्यांना विचारत होते की मालकाविरुद्धच्या मागण्यांत ही मागणी का नाही. प्रश्न अडचणीचा होता, कारण ही बंदी नुसत्या मालकाने घातली नव्हती, सोबत्यांनी घातली होती. पुढे १९३८ मध्ये संपाच्या हक्कावर गदा आणणारं औद्योगिक कलह विधेयक आलं, तेव्हा ७ नोव्हेंबरला आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. मतभेद मिटले होते असं नाही. तरी केला.

आज तोच प्रश्न कायम आणि कंत्राटी यांच्यात आहे. कायम कामगारांच्या युनियनच्या मागणीपत्रात कंत्राटी माणसाचं कलम कितव्या पानावर असतं ते बघा. उंबरठाताई, तुमच्या फाटकावरच्या बायकांना इमारतीतल्या सुरक्षारक्षकांचा, लिफ्टवाल्यांचा पाठिंबा आहे का? माझ्या मते ते तुमच्यापेक्षा महत्त्वाचे आहेत. राग मानू नका.

दुसरी गोष्ट पोलंडची. 'सॉलिडॅरिटी' ही कामगार संघटना १९८० मध्ये ग्दान्स्कच्या जहाजबांधणी कारखान्यात जन्मली, हे सगळे सांगतात. मला त्याच्या आधीची चार वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. जून १९७६ मध्ये भाववाढीविरुद्ध रादोम आणि उर्सुसच्या कामगारांनी उठाव केला. मारहाण झाली, खटले झाले, शेकडो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. बातमी संपली. त्यानंतर सप्टेंबरात काही लेखक, वकील, प्राध्यापक, विद्यार्थी यांनी कामगार संरक्षण समिती काढली. काम अगदी कंटाळवाणं. बडतर्फ झालेल्यांच्या घरी जायचं, पैसे द्यायचे, वकील मिळवून द्यायचा, खटल्याच्या दिवशी कोर्टात बसायचं, काय घडलं ते टाइप करून वाटायचं. ही बुद्धिवंत मंडळी कामगारांना शिकवायला गेली नव्हती. ऑगस्ट १९८० मध्ये क्रेन चालवणाऱ्या आना व्हॅलेन्टिनोविच यांना निवृत्तीला थोडेच महिने उरले असताना काढून टाकलं आणि कारखाना थांबला, तेव्हा त्या लोकांवर विश्वास ठेवायला कामगारांकडे चार वर्षांचं कारण होतं.

संप चालू असतो तेव्हा मंडपात गर्दी असते. मिटल्यावर जे सहा जण बाहेर राहतात त्यांच्याकडे कुणी फिरकत नाही. तुमच्याकडेही सहाच आहेत ना?

---

उंबरठा

हो, सहा. आणि राग कशाचा मानू? सुरक्षारक्षकांचं मी विचारलंच नव्हतं. आज विचारलं. ते दुसऱ्या ठेकेदाराचे आहेत. रात्रपाळीचे दोघे मंडपातले फोन चार्ज करून देतात, बाकीच्यांना तंबी मिळाली आहे.

सगळं वाचतेय. 'जे देणं सोपं होतं ते दिलं' हे वाक्य लागलं. फेसबुक पोस्ट आठवली.

---

आडवाट

उशिरा आलो. पानगळ यांनी डब्लिनचं लिहिलं त्याला जोडून.

कामगारांनी दुसऱ्या कामगारांसाठी स्वतःचं काम थांबवणं, हा पाठिंब्याचा सगळ्यात जोरकस प्रकार. म्हणूनच कायद्याने सगळ्यात आधी आवळला तो हाच. लंडनमधल्या ग्रनविकची गोष्ट इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. फोटो धुऊन देणारा कारखाना, ऑगस्ट १९७६, जयाबेन देसाई आणि त्यांच्याबरोबरच्या बहुतेक दक्षिण आशियाई वंशाच्या बायका बाहेर पडल्या. गोरे युनियनवाले साडी नेसलेल्या बायकांसाठी उभे राहतील असं तोवर कुणाला वाटलं नसतं. पुढे हजारो लोक फाटकाशी जमले, खाणकामगारसुद्धा आले. पण घाव घातला तो क्रिकलवूडच्या पोस्टमननी. ग्रनविकचा धंदा टपालावर चालायचा, गिऱ्हाईक फिल्म टपालाने पाठवायचं, फोटो टपालाने जायचे. पोस्टमननी त्यांचं टपाल हात लावायचं थांबवलं. हजारोंच्या मोर्चाने झालं नसतं ते एका टपाल कचेरीतल्या थोड्या माणसांनी केलं असतं.

'असतं' म्हणतोय, कारण होऊ दिलं नाही. टपाल अडवणं बेकायदा, पोस्टमन निलंबित, त्यांच्या युनियनवर दबाव. दुसरीकडे मालकाच्या बाजूच्या एका संघटनेच्या स्वयंसेवकांनी रातोरात टपालाची पोती गाड्यांत भरून नेली आणि देशभरच्या पेट्यांत टाकली. एकजूट फक्त कामगारांकडे असते असं समजू नये. जुलै १९७८ मध्ये संप मागे घेतला, मागण्या न मिळता.

ब्रिटनमध्ये पुढे सहानुभूतीचा संप कायद्याने पूर्ण बंद झाला. स्वीडनमध्ये तो चालतो. टेस्लाच्या तिथल्या मेकॅनिकांनी २७ ऑक्टोबर २०२३ ला सामूहिक करारासाठी संप केला, तर गोदी कामगारांनी त्यांच्या गाड्या उतरवायला नकार दिला, टपालवाल्यांनी नंबरप्लेट पोचवणं थांबवलं, इलेक्ट्रिशियननी चार्जिंग स्टेशनची दुरुस्ती सोडली. सगळं कायद्यात बसून. तरी कंपनी महिनोन् महिने बधली नाही, हेही लिहायला हवं.

---

सरळरेषा

म्हणजे गिरणी संप हरला, डब्लिन हरलं, ग्रनविक हरलं. जिंकले ते गोदीवाले आणि द्राक्षवाले. मी वाद घालायला नाही विचारत, खरंच विचारतोय: हरणार असं दिसत असेल तरी बाहेरच्याने जावं का?

---

अर्धविराम

प्रामाणिक प्रश्न आहे, म्हणून एक हरलेलंच उदाहरण देतो.

ब्रिटनच्या खाणकामगारांचा १९८४-८५ चा संप. युनियनचा निधी कोर्टाने गोठवला, म्हणून देशभरच्या मदतगटांनी एकेका खाणीच्या गावाला दत्तक घेतल्यासारखं केलं. लंडनच्या समलिंगी तरुणांच्या एका गटाने वेल्समधल्या एका दरीतली गावं निवडली, रस्त्यावर बादल्या घेऊन पैसे गोळा केले. खाणकामगारांची गावं या बाबतीत मुळीच पुढारलेली नव्हती. आधी अवघडलेपण, मग येणंजाणं, मग मुक्काम. मार्च १९८५ मध्ये खाणकामगार हरून कामावर गेले. पुढे खाणी बंदही पडल्या.

जूनमध्ये लंडनला समलिंगींचा प्राइड मोर्चा निघाला तेव्हा वेल्सचे खाणकामगार आपलं निशाण घेऊन त्याच्या अग्रभागी चालले. त्याच वर्षी ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या परिषदेत समलिंगींच्या समान हक्कांचा ठराव मंजूर झाला आणि खाणकामगारांच्या युनियनने त्याला मतं दिली.

यातून 'हरलं तरी चालतं' असं मी म्हणणार नाही. त्या गावांचं वाटोळं झालं, ते ठरावाने भरून आलं नाही. तुम्ही विचारलंत जावं का. ते गेले नसते तर खाणकामगार तरीही हरलेच असते, फक्त लवकर आणि एकटे.

---

खतावणी

उंबरठाताई, तुमच्या प्रकरणाला उपयोगी पडेल असं थोडं.

एक: ठेकेदाराने पगार थकवला तर तो मुख्य मालकाने द्यायचा, ही जबाबदारी १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे. पीएफबाबतही मुख्य मालकाला हात झटकता येत नाहीत. इथे 'मुख्य मालक' म्हणजे साफसफाईचं कंत्राट ज्याने दिलं तो, बहुधा तुमची कंपनी किंवा इमारतीचं व्यवस्थापन. करार कोणाचा आहे ते शोधा. आतल्या पंधरा-वीस कर्मचाऱ्यांनी सही करून कंपनीला साधं पत्र दिलं की "पीएफ भरला जातोय का याची खात्री करावी", तर त्यात बंडखोरी काही नाही, पण विधी विभागाला ते फाइलला लावावंच लागतं.

दोन: त्या बायकांचं पीएफचं पासबुक काढा. यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा) क्रमांक पगारपत्रकावर असतो. कापलेली रक्कम आणि जमा रक्कम महिन्यामहिन्याने समोरासमोर मांडा. भाषणाने जे होत नाही ते या तक्त्याने होतं.

अवांतर: संघटना करण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमात आहे. संपाचा मूलभूत हक्क मात्र त्यातून निघत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच म्हटलं, आणि तेही बँक कर्मचाऱ्यांच्याच प्रकरणात. आमच्या पिढीला ही ठसठस कायम राहिली.

---

उंबरठा

आठवड्याने येतेय. धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व.

शनिवारी मंडपात गेले. या वेळी पाठिंबा वगैरे म्हटलं नाही. विचारलं, कुठलं काम अडलंय? पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग मागून एक जण म्हणाली, "तुम्हाला मोबाइलवर ते पीएफचं बघता येतं का?"

तर गेले सहा दिवस ऑफिस सुटल्यावर तेच करतेय. वाटलं होतं दोन तासांचं काम. पण ओटीपी येईना. निम्म्याहून जास्त जणींच्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर त्यांचा नाहीच, जुन्या सुपरवायझरचा आहे. दोघींची जन्मतारीख चुकलेली, एकीच्या नावापुढे भलत्याच बाईच्या नवऱ्याचं नाव. त्यांना घेऊन पीएफ कार्यालयात दोन फेऱ्या झाल्या. आता ४१ जणींची पासबुकं हातात आहेत. नऊ महिने कपात आहे, जमा नाही. तक्ता केलाय. टोपली रिकामी करणाऱ्या त्या बाईंनी (नाव लिहीत नाही) माझ्या तक्त्यातल्या तीन चुका काढल्या. प्रत्येक महिन्याची रक्कम त्यांना तोंडपाठ होती.

आतून पत्रावर अकरा सह्या झाल्या. श्रमदानात पहिल्या रांगेत उभा असलेला एक जण स्वतःहून आला. तीन जण म्हणाले, मनातून तुमच्याबरोबर आहोत. माझं अप्रेझल पुढच्या महिन्यात आहे, बघू.

गुरुवारी कामगार खात्यात समेटाची तारीख आहे. रजा टाकली आहे. खतावणी काका, तक्त्याच्या किती प्रती लागतील?

---

खतावणी

चार. एक अधिकाऱ्याला, एक ठेकेदाराला, एक कंपनीच्या माणसाला, आणि एक आपल्याकडे, तिच्यावर पोच घ्यायची, शिक्का आणि तारखेसहित. शिक्का मारणारा जेवायला गेला असेल तर थांबायचं, "उद्या या" ऐकायचं नाही. स्टेपलर घेऊन जा, तिथला चालत नाही.

---

तिसरी पाळी

आणि तारीख पुढची पडेल याची तयारी ठेवून जा. बायकांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे परत येताना गाडीत कुणी गप्प बसणार नाही.

---

सरळरेषा

माझ्याकडे गुरुवारी गाडी रिकामी आहे. सात जण बसतात. कुठे आणि किती वाजता, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.